हुशार मुलाचा डबा परत येतो तेव्हा

वर्गात पहिल्या तिनात असणाऱ्या मुलाचा डबा अर्धा परत आला तर घरात फारशी चर्चा होत नाही. आई डबा घासायला टाकते आणि विषय संपतो. तोच डबा काठावर पास होणाऱ्या मुलाने परत आणला, तर ‘खातच नाहीस, मग डोकं चालणार कसं’ हे त्याला हमखास ऐकावं लागतं. हुशार मुलाच्या वाट्याला ही बोलणी येत नाहीत, कारण त्याला गुण पडत असतात. आठवीची शिष्यवृत्ती मिळालेली असते, होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेच्या प्रात्यक्षिक फेरीपर्यंत मजल गेलेली असते, दहावीला पंच्याण्णवच्या वर टक्के असतात. मग रात्री एकपर्यंत जागणं, सकाळी दोन बिस्किटं आणि चहावर बाहेर पडणं, मैदान सुटून दोन वर्षं होणं, हे सगळं ‘अभ्यासू आहे हो पोरगं’ या एका वाक्यात माफ होऊन जातं.

खाण्याझोपण्यातली हेळसांड तल्लख बुद्धी काही वर्षं झाकून ठेवते. म्हणून अशा मुलांच्या बाबतीत गुणपत्रिका हे तब्येतीचं माप धरणं धोक्याचं आहे. दहावीपर्यंतचा अभ्यासक्रम त्यांच्या कुवतीपेक्षा बराच हलका असतो. लक्ष अर्धवट असलं, झोप अपुरी असली, रक्त कमी असलं, तरी तेवढा अभ्यास ती सहज ओढून नेतात. अकरावीत अभ्यासाची काठिण्यपातळी एकदम वर जाते आणि पहिल्यांदाच त्यांना आपली सगळी ताकद लावावी लागते. नेमकी तेव्हा ती ताकद शिल्लक नसते. घरचे म्हणतात, फिजिक्स जड गेलं. क्लासवाले म्हणतात, बेसिक कच्चं आहे. मुलगा स्वतःच्या मनाशी म्हणतो, आपण तेवढे हुशार नव्हतोच बहुतेक. या तिसऱ्या निष्कर्षाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण तो एकदा मनात बसला की लवकर निघत नाही.

बुद्धिमान मूल म्हणजे किडकिडीत, चष्मिष्ट, सारखं आजारी, ही समजूत जुनी आहे. अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली कॅलिफोर्नियातली दीड हजारांच्या आसपास अतिशय बुद्धिमान मुलं निवडून त्यांचा अभ्यास सुरू केला, आणि तो पुढे अनेक दशकं चालू राहिला. ही मुलं उंची, वजन आणि एकूण प्रकृतीत इतरांपेक्षा कमी नव्हती, उलट किंचित सरसच होती. अर्थात त्यातली बरीचशी मुलं खात्यापित्या घरांतली होती, हेही ध्यानात ठेवायला हवं. हुशारी शरीर पोखरत नाही. पोखरतं ते हुशारीच्या नावाखाली दिलं जाणारं वेळापत्रक. आपल्याकडे पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांसाठीच. पण तिथे मैदानावरचं खेळणं हा शिक्षणाचाच भाग मानला गेला, अभ्यास उरकल्यावर मिळणारी सवलत म्हणून त्याकडे पाहिलं गेलं नाही. आज त्याच वयाच्या मुलांची मैदानं नववीतच सुटतात.

आता शरीराकडे वळू. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीर स्वस्थ बसलेलं असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला जवळपास पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. त्यातच पंधरा ते अठरा हे वय उंची वाढण्याचं, हाडं भरण्याचं, मुलींची पाळी स्थिर होण्याचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलाला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रथिनं आणि २६ मिलिग्रॅम लोह लागतं. मुलीला ४६ ग्रॅम प्रथिनं आणि ३२ मिलिग्रॅम लोह. मुलीचा लोहाचा आकडा मुलापेक्षा मोठा आहे. आणि आपल्या किती घरांत ताट वाढताना मुलाला जास्त वाढलं जातं, ते सांगायला नको.

हे आकडे मेसच्या डब्याशी ताडून पाहू. लातूर, नांदेड, संभाजीनगर, पुणे, कुठेही अकरावी-बारावीसाठी घर सोडलेल्या मुलाचा डबा साधारण सारखाच असतो: चार पोळ्या, एक भाजी, पातळ वरण, भात. चार पोळ्यांतून बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात, भातातून चार-पाच, वरणातून तीन-चार, कारण त्यात डाळ कमी आणि पाणी जास्त. म्हणजे दोन्ही वेळचा डबा चाटूनपुसून खाल्ला तरी चाळीसच्या आसपास भरतात, आणि तीही बरीचशी धान्याची. प्रत्यक्षात दुपारच्या चारातल्या दोन पोळ्या परत जातात, कारण सकाळी सातला भरलेला डबा दीडला उघडेपर्यंत त्या चिवट झालेल्या असतात. भाजी तेलकट असेल तर मुलं पोळी-लोणच्यावर भागवतात. डाळ लवकर शिजावी म्हणून काही ठिकाणी सोडा टाकतात. त्याने डाळ मऊ होते, पण त्यातलं थायमिन हे जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. मेस ठरवायला जाल तेव्हा ‘चव कशी आहे’ एवढंच विचारू नका. वरण पळीतून कसं पडतं ते पाहा. आठवड्यातून किती वेळा मटकी, चवळी, हरभरा, मसूर यांची उसळ असते ते विचारा. तीनदा असेल तर मेस बरी समजावी. आणि रविवारी रात्री काय, हे नक्की विचारा. महाराष्ट्रभर बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात. त्या रात्री वडापाव, पावभाजी किंवा किटलीत भिजवलेले नूडल्स पोटात जातात, आणि सोमवारी सकाळी पोट बिघडलेलं असताना टेस्ट असते.

उणीव भरून काढायला महागडं काही लागत नाही. एक मूठ, म्हणजे तीसेक ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे सात ग्रॅम प्रथिनं देतात. पेलाभर दूध किंवा वाटीभर दही घेतलं तर सहाएक ग्रॅम. एका अंड्यातून सहा. मूठभर कोरडी मटकी मोड आणून खाल्ली तर सात. भिजवलेले सात बदाम मात्र जेमतेम दोन ग्रॅम देतात. बदाम वाईट नाहीत, पण ‘बुद्धीसाठी’ म्हणून मोजून सात बदाम द्यायचे आणि मुलगा दुपारी जेवला का हे विचारायचंच नाही, हा हिशेब मला पटत नाही. डब्यातल्या चॉकलेटी पावडरींचंही तसंच. त्यांच्या वेष्टनावर मागच्या बाजूला साखरेचा आकडा असतो, तो एकदा वाचावा. परीक्षा जवळ आली की घरोघरी स्मरणशक्तीचं टॉनिक येतं. तेवढ्या पैशांत महिनाभराची अंडी किंवा शेंगदाण्या-गुळाचे लाडू होतात.

लोहाचा विषय जरा सविस्तर सांगायला हवा, कारण गुण आणि अन्न यांचा धागा तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. २०१९ ते २१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. यात गरीब घरंच असतील असं समजू नये. रक्तक्षय ही शेवटची पायरी असते. शरीरातला लोहाचा साठा आधी रिता होतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर उतरतं. मधल्या काळात रिपोर्टवर हिमोग्लोबिन बारा दिसतं, डॉक्टर ‘ठीक आहे’ म्हणतात, आणि मुलगी एकच पान तीनदा वाचत बसते. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात नव्वदच्या दशकात नेमक्या अशा मुलींवर प्रयोग झाला. रक्तक्षय नव्हता, पण लोहाचा साठा कमी होता. आठ आठवडे लोहाच्या गोळ्या घेतलेल्या मुलींची शब्द शिकण्याची आणि लक्षात ठेवण्याची चाचणी, नुसतीच दिखाऊ गोळी मिळालेल्या मुलींपेक्षा चांगली गेली.

याहून आपल्या जवळचा प्रयोग नगर जिल्ह्यातला. तिथल्या वसतिगृहांच्या शाळांत बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींना सहा महिने रोज दोन वेळा बाजरीची भाकरी दिली गेली. एका गटाची बाजरी नेहमीची, दुसऱ्या गटाची ‘धनशक्ती’ वाणाची, जिच्यात लोह मुळातच जास्त असतं. मुलांना ताटात फरक कळण्यासारखा नव्हता. सहा महिन्यांनी लक्ष आणि स्मरण यांच्या संगणकावरच्या चाचण्यांत धनशक्ती खाणारी मुलं अधिक चपळ ठरली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. औषधाच्या दुकानात न जाता, रोजच्या भाकरीतून, आपल्याच मुलांच्या डोक्यावर झालेला परिणाम त्यात मोजला गेला आहे. शहरात आलेल्या मुलांची बाजरी-ज्वारी सुटते, कारण मेसला पोळ्या लाटणं सोपं आणि भाकरी थापणारा हात मिळणं अवघड. घरी राहणाऱ्या मुलांना तरी थंडीत आठवड्यातून चार दिवस बाजरीची भाकरी द्यायला हरकत नाही. पीठ मात्र एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणावं. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो, त्यामुळे पीठ लवकर कडवट होतं, आणि मग ‘मुलांना भाकरी आवडत नाही’ असा शिक्का बसतो. न आवडलेलं असतं ते खवट पीठ.

भाकरीबरोबर लिंबू पिळलेली कोशिंबीर, आवळ्याची फोड किंवा पेरू असला की धान्यातलं लोह अंगी लागण्याचं प्रमाण वाढतं. चहा नेमका उलटा. चहातलं टॅनिन लोह अडवून ठेवतं, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. आपल्याकडे नाष्टा म्हणजे पोहे आणि लगोलग चहा. पोह्यांवर लिंबू पिळून केलेली सोय पुढच्याच घोटाला वाया जाते. पोहे आठला खाल्ले तर चहा नऊला घ्यावा, एवढाच बदल पुरे आहे आणि तो फुकट आहे.

दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी सरकारी योजनेत आठवड्याला एक निळी गोळी असते: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. शिवाय वर्षातून दोनदा जंताची ४०० मिलिग्रॅमची गोळी. शाळेत असेपर्यंत ती मिळण्याची शक्यता तरी असते. अकरावीत मुलाचं नाव एका कॉलेजात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, अशी इंटिग्रेटेड व्यवस्था असली की ही गोळी वाटेतच हरवते. ज्यांना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत त्या मुली आठवड्याभरात त्या सोडून देतात, याची कारणं ठरलेली आहेत: मळमळ होते, शौचाला काळं होतं आणि त्याची भीती वाटते. काळं होणं स्वाभाविक आहे, हे आधीच सांगून ठेवावं. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. दूध, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र नको. तपासणी करायचीच असेल तर नुसतं हिमोग्लोबिन न करता फेरिटिनही, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या. ते १५ च्या खाली असेल तर साठा संपला आहे. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असताना मात्र फेरिटिन फसवं वाढलेलं दिसतं, म्हणून बरं वाटल्यावर तपासावं. शुद्ध शाकाहारी घरांत त्याबरोबर बी-१२ पाहावं. विशेषतः दूध न आवडणाऱ्या मुलांचं, कारण शाकाहारात बी-१२ दूध-दह्यातूनच येतं. हातापायांना मुंग्या, सततचा थकवा, आठवण दगा देणं, ही त्याची लक्षणं अभ्यासाच्या ताणाच्या खात्यावर सहज खपून जातात.

मुलींच्या पाण्याचा प्रश्न वेगळाच आहे. क्लासच्या चार मजली इमारतीत शेकड्यांनी मुली आणि दोन स्वच्छतागृहं, त्यातलं एक कुलूपबंद. मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी डोकं दुखतं, उन्हाळ्यात लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि महत्त्वाच्या आठवड्यात तीन दिवस अंथरुणात जातात. पालक फीच्या हप्त्यांवर तास-तास बोलतात. प्रवेश घेण्याआधी पाच मिनिटं वर जाऊन स्वच्छतागृह पाहून यावं, तेवढ्या वेळात बरंच कळतं.

झोपेबद्दल बोलताना आपल्याकडे ‘पहाटे चारला उठून केलेला अभ्यास’ ही पुण्याई मध्ये येते. ती ज्या काळातली आहे, त्या काळात घरं रात्री साडेआठ-नऊला निजत. आता मूल बाराला झोपतं आणि चारला उठवलं जातं. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. शिवाय या वयात झोप आणणाऱ्या मेलॅटोनिनचं वेळापत्रकच उशिरा सरकतं, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाला रात्री दहाला झोप येत नाही हा त्याचा आळस किंवा हट्ट नव्हे. क्लास साडेसहाला असेल तर दोन्हीकडून कात्री लागते. यावर पूर्ण उपाय घराच्या हातात नाही. सकाळच्या बॅचऐवजी दुपारची बॅच मिळत असेल तर ती घ्यावी, नसेल तर दिवा साडेदहाला बंद करण्याची सोय करावी. दिवसभर वाचलेलं झोपेत पक्कं होतं. झोप कापून वाढवलेल्या दोन तासांच्या वाचनातून काय हाती लागतं, ते आठवड्याने उजळणी करताना कळतं.

साडेदहाला झोप यायला हवी तर तिची तयारी दुपारी चारला सुरू होते. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन दोन वाजताही अंगात असतं. मूल झोपलं तरी झोप उथळ लागते, सकाळी डोळे उघडत नाहीत, म्हणून पुन्हा चहा. चारनंतर चहा-कॉफी नको, हा एक नियम पाळला तरी दहाएक दिवसांत फरक पडतो. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं. तेव्हा मागे फिरू नये, आणि हा बदल परीक्षेच्या आठवड्यात सुरूही करू नये. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर बारीक अक्षरांत ‘मुलांसाठी नाही’ असं लिहिलेलं असतं. अभ्यासिकेखालच्या टपरीवर ते कुणी वाचत नाही. रविवारी मूल अकरापर्यंत झोपलं तर सोमवारची रात्र बिघडते; नेहमीपेक्षा तास-दीड तास जास्त, तेवढी सूट चालेल. दुपारी वीस मिनिटांची डुलकी चांगली, गजर लावून. दीड तास झोपलं की उठल्यावर अर्धा तास डोकं जड राहतं.

रात्रीच्या जेवणाची वेळही यातच येते. क्लास साडेनऊला सुटतो, जेवण साडेदहाला, तेही दिवसभराची कसर काढणारं. मग आंबट ढेकर, जडपणा आणि झोपेला उशीर. संध्याकाळी सहाच्या सुट्टीत पोटभर काहीतरी खावं: उसळ-पाव, थालीपीठ, पोळीचा रोल, उकडलेली अंडी, लाडू आणि केळं, जे जमेल ते. रात्री घरी आल्यावर मेतकूट-भात, ताक, एखादी भाकरी एवढंच. दिवसाचं मुख्य खाणं साडेदहाला झालं, तर सकाळी भूक लागत नाही आणि ‘याला सकाळी काही जातच नाही’ हे त्याच्या नावावर कायमचं लागतं.

तल्लख मुलांचं म्हणून काही वेगळं असतं, ते इथे सांगायला हवं. एखाद्या गणितात शिरली की त्यांना भूक जाणवतच नाही. हाक मारली तर ‘आलो’ म्हणतात आणि तासाभराने ताट गार झालेलं सापडतं. या मुलांना ‘जेवायला ये’ म्हणण्यापेक्षा खाणं टेबलावर, हाताशी, एका हाताने खाता येईल असं ठेवलेलं बरं. जेवताना अभ्यास नको हे खरं असलं तरी न जेवण्यापेक्षा ते चांगलं. काही मुलं चव आणि स्पर्शाला कमालीची हळवी असतात: भेंडीचा बुळबुळीतपणा, वरणातली टोमॅटोची साल, दुधावरची साय नको वाटते. त्याला नखरे म्हणून रोज लढाई करू नये. भेंडी नको तर कुरकुरीत करून पाहा, नाहीतर गवार करा. एका भाजीवाचून कुणाचं अडत नाही. आणि काहींना सगळं अचूक हवं असतं. ती मुलं, विशेषतः मुली, आहारावरही गणितासारखी तुटून पडतात. इंटरनेटवर वाचून आधी साखर सोडतात, मग भात, मग पोळी. घरचे कौतुक करतात. वजन झपाट्याने उतरलं, पाळी सलग तीन महिने चुकली, सगळ्यांबरोबर जेवायला टाळाटाळ सुरू झाली, सतत थंडी वाजू लागली, की हा निग्रह राहिलेला नाही असं समजून डॉक्टरांकडे न्यावं. वाट पाहू नये. परीक्षेसाठी नवसाचे उपवास करणाऱ्या मुलींबाबतही हेच. उपवास करायचाच असेल तर नुसत्या साबुदाण्यावर नको, त्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. राजगिरा, दाणे, दही, रताळं, फळं असू द्या.

या मुलांना हुकूम सोडून चालत नाही, कारण ‘का’ असं विचारल्याशिवाय ती ऐकत नाहीत. त्यांना त्यांचाच आकडा दाखवावा. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला वजा एक. म्हणजे येत असलेला प्रश्न घाईत चुकला की पाच गुणांचा खड्डा. अशा पाच चुका म्हणजे पंचवीस गुण. थकलेला मेंदू माहिती विसरण्याआधी वाचण्यात चुकतो: ‘अयोग्य विधान कोणते’ हे ‘योग्य विधान’ म्हणून वाचलं जातं, उणे चिन्ह सुटतं, पर्याय तीन म्हणून चारचा गोल रंगवला जातो. एका वहीत तीन रकाने आखायला सांगा: काल किती तास झोपलो, टेस्टआधी काय आणि किती वाजता खाल्लं, आणि येत असून चुकलेले प्रश्न किती. सहा-सात टेस्ट झाल्या की बहुतेक मुलं स्वतःच त्या वहीकडे पाहून वेळापत्रक बदलतात. न्याहारीचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. मुळात कमी पोषण असलेल्या मुलांना तो जास्त ठळक होतो, हे जमैकातल्या शाळांमधल्या प्रयोगांतही दिसलं. म्हणून ‘न्याहारी केलीस की टक्के वाढतील’ असं खोटं आश्वासन देऊ नका. तुझ्या वहीत काय दिसतं, ते बघू म्हणा.

परीक्षेच्या दिवसाचं नियोजन वेळेप्रमाणे करावं लागतं. बारावीचा पेपर अकराला, आयआयटीची प्रवेश परीक्षा जेईई ॲडव्हान्स्ड सकाळी नऊला आणि पुन्हा दुपारी अडीचला, तर नीट दुपारी दोनला. दोनची वेळ सगळ्यात अवघड, कारण तेव्हा शरीर आपोआप पेंगुळतं. त्यात मे महिन्यातला रविवार, मराठवाडा-विदर्भात चाळीशी पार केलेलं ऊन आणि केंद्राबाहेरची रांग. दीडला दार बंद होतं, म्हणून मुलं साडेबारापासून उभी असतात. त्या दिवशी साडेसातला नेहमीची न्याहारी करावी. जेवण साडेदहा-अकराला उरकावं: दोन पोळ्या किंवा भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, दही, थोडाच भात. भाताचं ताट भरलं की अडीचला डोळे मिटू लागतात. निघताना ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून घ्यावं. नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. रांगेत घोट घोट प्यावं. ॲडव्हान्स्डच्या दोन पेपरांमध्ये अडीच तास असतात. तिथे हॉटेल शोधत फिरू नये, घरून दहीभात किंवा पोळीचा रोल न्यावा, पंधरा मिनिटं डोळे मिटावेत, आणि पहिल्या पेपरची उत्तरं कुणाशीही ताडून पाहू नयेत. यातलं काहीही परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करू नये. आधीच्या महिन्यात निदान तीन सराव परीक्षा दुपारी दोनलाच, हेच जेवण करून द्याव्यात. ज्याला दही बाधतं त्याला ते तेव्हा कळेल, मे महिन्यात नाही.

खेळाबद्दल फार लिहीत नाही. दिवसाला तासभर अंग हललं पाहिजे, हे जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या सगळ्यांना सांगते. क्लासला सायकलने जाणं, जिने चढणं, संध्याकाळी वीस मिनिटं दोरीवरच्या उड्या किंवा बॅडमिंटन, असं तुकड्यातुकड्यांनी जमवलं तरी चालतं. शक्यतो त्यातला काही वेळ उन्हात जावा. सकाळी अंधारात क्लास गाठून रात्री परतणाऱ्या मुलांच्या अंगाला सूर्यप्रकाश लागतच नाही.

निकाल लागला की मूल आणखी दूरच्या हॉस्टेलला जातं, आणि तिथे ताटाकडे पाहणारं कुणी नसतं. म्हणून परीक्षा संपल्यावर, नव्या कॉलेजला जायच्या आधी, मुलांना आणि मुलींना तीन गोष्टी करता यायला हव्यात: अंडी उकडणं, कडधान्याला मोड आणणं आणि खिचडी. मोडांसाठी मटकी रात्रभर भिजवून सकाळी पाणी पूर्ण काढायचं आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. पाणी राहिलं तर वास येतो. खिचडीला एक वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मूगडाळ, दोन्ही धुऊन, साडेचार ते पाच वाट्या पाणी, चिमूटभर हळद, मीठ, वाटीभर चिरलेली कुठलीही भाजी, आणि कुकरच्या चार शिट्ट्या. वरून चमचाभर तूप, मूठभर दाणे, अर्धं लिंबू. यात दोघांचं रात्रीचं जेवण होतं, आणि अठरा ते वीस ग्रॅम प्रथिनं प्रत्येकाच्या पोटात जातात.